पूजेला न लावलेलं हत्यार

खंडेनवमीला आमच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे देव होतात. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला हळदकुंकू, वेल्डिंगच्या मशीनपुढे नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. देवावर माझा फारसा भरवसा नाही, पण वर्षभर राबणाऱ्या लेथला एक दिवस सुट्टी देणाऱ्या धर्माशी माझं भांडण असायचं कारण नाही. माझं भांडण होतं एका माणसाशी. त्याने ही प्रथा माझ्याविरुद्ध वापरली. पुढे मला संधी मिळाली तेव्हा मी ती त्याच्याविरुद्ध वापरली, आणि त्याचं मला अजूनही समाधान आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी सातपूरला, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. कॉम्प्युटर एकच होता. त्याला एसी होता, मला पंखा. त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. ते धुळीमुळे की भक्तीमुळे हे कोणी नीट सांगू शकत नसे. या देवळाचे पुजारी म्हणजे आमचे साहेब. हुद्दा सिस्टीम मॅनेजर. ऑक्टोबरच्या उन्हातही ते कोट घालत, आणि 'सिस्टीम' हा शब्द असा उच्चारत की ऐकणाऱ्याला आपण आज आंघोळ केलेली नाही असं वाटावं.

त्या वर्षी स्टोअरच्या मालाची नोंद ठेवणारं नवं सॉफ्टवेअर आलं. ते विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर अष्टमीला आला, बसवून, चहा पिऊन गेला. दसऱ्याला कारखान्याच्या मालकांच्या हस्ते उद्घाटन ठरलं होतं. इंजिनिअर गेल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रोग्रॅम काहीही करायला लागला की फ्लॉपीच्या खाचेवरचा दिवा लुकलुकायचा. प्रोग्रॅम यंत्राच्या आत उतरला असेल, तर त्याला दर वेळी फ्लॉपीची आठवण का यावी?

"साहेब, फ्लॉपी काढून एकदा चालवून बघू या का?"

"कशाला?"

"मला वाटतं तो फ्लॉपीवरूनच चालतोय. आत काही गेलेलंच नसेल."

"इंजिनिअर तुम्ही, की तो?"

"तो."

"मग?"

साहेबांचं कॉम्प्युटरचं सगळं ज्ञान त्या 'मग'मध्ये सामावलेलं होतं.

नवमीला पूजा झाली. साहेबांनी स्वतःच्या हाताने फ्लॉपी बाहेर काढली, सुपारीशेजारी ताम्हणात ठेवली, तिला हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. "लक्ष्मीच ही," असं अकाउंट्समधल्या बायकांकडे बघून म्हणाले. कुंकू ओलं होतं. मी पुन्हा तोंड उघडलं. म्हटलं, आता फ्लॉपी बाहेर आहेच, तर एक मिनिट यंत्र चालू करून बघतो.

साहेबांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "अहो, पूजा मांडलीय. आज यंत्राला हात लावायचा नसतो. घरी कोणी शिकवलं नाही का?"

गुरुजी हसले. गुरुजी हसले म्हणून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी मालक आले, मालकीणबाई आल्या, पेढे आले. मालकांनी कळ दाबली. काही झालं नाही. साहेबांनी घाईने ताम्हणातली लक्ष्मी उचलून खाचेत घातली. जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला. बहुधा अक्षताच असाव्यात. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. मालकांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "नॉट रेडी म्हणजे काय हो?"

साहेब वळले. मालकांकडे नाही, माझ्याकडे. हात लांब करून बोट माझ्यावर रोखलं, म्हणजे कोणाचा गैरसमज होऊ नये, आणि विचारलं, "तपासलं होतं का?"

मी श्वास घेतला, तेवढ्यात त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "नाही ना? मग हे असं होतं." आणि मालकांना गाडीपर्यंत पोचवायला निघालेसुद्धा.

संध्याकाळी ऑफिसात सोनं वाटलं गेलं. मी आपट्याची पानं पुढे केली तेव्हा साहेबांचा हात माझ्यावरून पुढच्या माणसाकडे गेला. बस झाडाखालचा थांबा न घेता जाते तसा. आठवड्याभरात माझी बदली कारखान्याच्या फाटकाजवळच्या वजनकाट्यावर झाली.

तिथे मी बरीच वर्षं होतो. ट्रक रिकामा आला की वजन घ्यायचं, भरून जाताना वजन घ्यायचं. नोकरी वाईट नव्हती, वाचायला भरपूर वेळ मिळे. वाईट होतं ते वाक्य. ते माझ्या आधी फाटकावर येऊन पोचलं होतं. ड्रायव्हर लोक केबिनमधून वाकून विचारायचे, "काय भाऊ, काटा तपासला का?" कँटीनमध्ये भाजीत मीठ कमी पडलं की कोणीतरी म्हणायचं, "तपासलं होतं का?" आणि सगळे माझ्याकडे बघायचे. ज्या एकट्याला तपासायचं सुचलं, त्याचं नाव न तपासणारा असं पडलं. चिडणाऱ्या माणसाला लोक जास्त चिडवतात, म्हणून मी हसत असे. राग मी वेगळा ठेवला, लोणच्यासारखा, वरून तेलाचा थर देऊन. नीट ठेवला की खराब होत नाही, उलट मुरतो. मला फार काही नको होतं. ते वाक्य त्याच्या मालकाला परत करायचं होतं. तेही चार लोकांत, कारण मला ते चार लोकांतच मिळालं होतं.

साहेब दोनेक वर्षांत कारखाना सोडून गेले. अशी माणसं वरच जातात. धूरही वरच जातो. मीही पुढे काटा सोडला, रात्रीच्या क्लासला जाऊन राहिलेलं शिकलो आणि नाशिकरोडला स्वतःचं छोटं काम सुरू केलं. घराच्या गच्चीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि तरी घरात वीज नसायची, त्या भारनियमनाच्या वर्षांतली ही गोष्ट. माझं काम एकच होतं. दुसऱ्याने बसवलेलं चालतं की नाही ते तपासून सांगायचं. धंदा असा का निवडला, असं बायकोने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "अनुभव आहे."

एका नवरात्रात मला फोन आला. वणीच्या रस्त्याला एक शिक्षणसंस्था आहे, तिचे अध्यक्ष बोलत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे द्राक्षबागायतदार, त्यांचा माल परदेशी जायचा.

"आमच्या कॉलेजात कंटेनर बसवलेत म्हणं," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, द्राक्षाचा हंगाम तर लय लांब हाय. तर म्हणं कॉम्प्युटरचे. तुम्ही बघून सांगा ना भाऊ. दसऱ्याला मुंबईहून पाहुणे येणार, मला त्यांच्यापुढं सही करायचीय. न बघता सही करायची सवय नाय मला."

मी कसले कंटेनर ते समजावून सांगितलं. एका मोठ्या यंत्रात पक्क्या भिंतीचे वेगवेगळे कप्पे करायचे. परीक्षेचं काम एकात, फीचं दुसऱ्यात, ग्रंथालय तिसऱ्यात, प्रवेश चौथ्यात. एकातलं दुसऱ्याला दिसता कामा नये, आणि एक कोसळला तरी बाकीचे उभे राहिले पाहिजेत.

"म्हंजे आमच्यासारखंच की," अण्णा म्हणाले. "एका डब्यातला माल नासला तरी शेजारच्या डब्याला वास लागाया नको."

इतकं चांगलं स्पष्टीकरण मी त्या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. मग सहज विचारलं, हे काम तिथे कोण बघतं? अण्णांनी नाव सांगितलं. मी फोन दुसऱ्या कानाला लावून पुन्हा विचारलं. तेच नाव.

अण्णांना वेळ होता तो नेमका नवमीचा. सकाळी बायकोने देवासमोर पाट मांडला, माझा लॅपटॉप मागितला. मी म्हटलं, "याची पूजा काम झाल्यावर."

"अहो, खंडेनवमीला कोणी हत्यार बाहेर काढतं का?"

"आज काढतो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाट उचलून ठेवला. ती मला चांगली ओळखते.

रस्ताभर वणीच्या गडाला पायी निघालेली माणसं होती. बस रांगत होती, मला घाई नव्हती. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर 'संचालक, माहिती तंत्रज्ञान' अशी पाटी होती, दारापेक्षा थोडीच अरुंद. आत साहेब. केस पांढरे झालेले, कोट नवा. माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "आपण आधी कुठे भेटलोय का?"

"नसावं," मी म्हटलं.

म्हणजे ते विसरले होते. मी सगळी वर्षं ते वाक्य तेलाखाली जपलं, आणि त्यांना ते बोलल्याचंही आठवत नव्हतं. तोपर्यंत माझ्या मनात थोडी दयामाया शिल्लक असेलही. ती तिथे संपली.

अण्णा आले. धोतर, टोपी, खिशात चष्मा. त्यांच्यामागून सर्व्हरचं रोजचं काम बघणाऱ्या मॅडम आल्या. तिशीच्या, चेहऱ्यावर न झोपल्याची खूण. साहेबांनी आम्हाला सर्व्हरच्या खोलीत नेलं. चपला बाहेर. यंत्राला झेंडूची जाडजूड माळ, पुढे नारळ, कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक.

"एकाच यंत्रात चार स्वतंत्र विश्वं," साहेब म्हणाले. "आणि कॉलेजच्या कुठल्याही खोलीतून कुठल्याही विश्वात प्रवेश."

"छान," मी म्हटलं. "मी जरा यंत्रावर बसतो."

साहेबांनी दोन्ही हात जोडले. "तेवढं मात्र नको. आज खंडेनवमी. पूजा झालीय. आज यंत्राला हात लावायचा नसतो. उद्या उद्घाटन होऊन जाऊ दे, परवा निवांत बघा."

शब्द तेच होते. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

अण्णांनी मान डोलावली. "ते मात्र खरं हाय. पूजेतल्या यंत्राला हात नाय लावायचा."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मीही लावणार नाही. साहेब, ते प्रवेशाचं काय म्हणालात? कुठल्याही खोलीतून?"

"कुठल्याही!" साहेब म्हणाले. बढाईच्या वेळी ते नेहमीच मोकळे असत.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. "अण्णा, हे माझं हत्यार. याला आज अजून फूलही लागलेलं नाही. मी ग्रंथालयात बसतो, तिथून तपासतो. तुमच्या यंत्राची माळही हलणार नाही."

साहेब म्हणाले, हे शास्त्राला धरून नाही. अण्णांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "वेशीबाहेरून नमस्कार केला म्हणून देव बाटत नाय, साहेब. त्यांचं हत्यार, त्यांची पूजा. त्यांनी कधीबी करावी. चला ग्रंथालयात."

ग्रंथालयात पूजेसाठी आलेले प्राध्यापक, कारकून, शिपाई प्रसाद खात बसले होते. अध्यक्ष आले म्हणून उठले आणि मागे येऊन उभे राहिले. चार लोक हवे होते. चाराच्या वर मिळाले. मॅडमनी वायर जोडून दिली, आत जायचा पासवर्ड टाकून दिला.

मी आधी सॉफ्टवेअरला त्याचं नाव विचारलं. त्याने नाव आणि आवृत्ती दोन्ही सांगितलं.

"बघा!" साहेब म्हणाले.

"ही दारावरची पाटी झाली. घरात कोणी आहे का ते बघू." मी एक नवा, रिकामा कप्पा उभा करायला सांगितला. त्याने फक्त 'हजर' एवढं म्हणायचं, आणि मग मी त्याला मोडून टाकणार. खरी तपासणी एवढीच असते. हजर म्हणाला तर सॉफ्टवेअर बसलंय आणि चालतंय. नाही तर नाही. यंत्राने कप्पा उभा करायला नकार दिला. हे सॉफ्टवेअर चालायचं तर यंत्र एकदा बंद करून वेगळ्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, सुरू करावं लागतं. ते कोणी केलेलंच नव्हतं. माल आला होता, खोकं फोडलं होतं, पण जोडणी राहिली होती.

"नव्याचं काय काम?" साहेब म्हणाले. "आमची चार आहेत ना! चारही चालतात. रोज बघतो मी."

"मग त्यातलंच एक बघू." मी परीक्षेच्या कप्प्यात गेलो. तिथे एक ओळ लिहून ठेवायची आणि शेजारच्या कप्प्यात जाऊन ती दिसते का बघायचं. दिसली तर भिंत नाही. काय लिहायचं याचा मला विचार करावा लागला नाही. मी लिहिलं, 'तपासलं होतं का?'

मग बाहेर आलो आणि ग्रंथालयाच्या कप्प्यातून आत शिरलो. ओळ तिथे होती. फीच्या कप्प्यातून शिरलो. तिथे होती. प्रवेशाच्याही. दारं चार होती, वेगवेगळ्या रंगांत सुंदर रंगवलेली, आणि आत खोली एकच.

अण्णांनी चष्मा लावला. "म्हंजे उद्या फीच्या खिडकीवर बसलेला माणूस परीक्षेचा पेपर उघडू शकतो?"

"आजही उघडू शकतो."

अण्णा पडद्याजवळ वाकले. त्यांनी ती ओळ आधी मनात वाचली. मग, त्यांना वाटलं असावं की हा रीतसर प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देणं भाग आहे, म्हणून सरळ झाले, वळले आणि मोठ्याने विचारलं, "काय हो साहेब, तपासलं होतं का?"

वाक्य पोचलं. माझं काम तिथे संपलं होतं. लॅपटॉप मिटायला मी हातही उचलला होता. पण साहेब तेच साहेब होते. त्यांचा हात लांब झाला, बोट बाहेर आलं. तो हात माझ्या ओळखीचा होता.

"मॅडम, तुम्हाला सगळं बघून घ्या म्हणून सांगितलं होतं ना? तपासलं होतं का तुम्ही? नाही ना? मग हे अस—"

"साहेब," मी म्हटलं, "प्रश्न तुम्ही विचारलात, उत्तर त्यांना देऊ द्या. मॅडम, सावकाश सांगा. कोणालाही घाई नाही."

साहेबांचं बोट हवेतच राहिलं. मॅडमनी ओढणी सारखी केली.

"कंपनीचा इंजिनिअर बसवून गेला, पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं राहिलंय, हे मी सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, आता हलवू नका, उद्घाटनानंतर बघू. आज पूजेच्या आधी परत विचारलं. सर म्हणाले, मुहूर्त टळतोय." मग त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "आणि असंही म्हणालात, की इंजिनिअर तुम्ही, की तो?"

मी हसलो. अगदी मोठ्याने, ग्रंथालयात. भिंतीवर शांतता राखा असं लिहिलेलं होतं.

अण्णा हसले नाहीत. "उत्तरपूजा झाली का मॅडम तुम्ही यंत्र बंद करा, चालू करा, काय करायचं ते करा," ते म्हणाले. "हे भाऊ पुन्हा तपासतील. सहीच्या कागदावर बसवणाऱ्याचं नाव तुमचं. साहेब, तुमची खुर्ची कुठं ठेवायची ते आपण दिवाळीनंतर बघू."

जिन्यात मॅडमनी मला गाठलं. "सर, तुमच्यामुळे माझी नोकरी वाचली." मी एकाची नोकरी वाचवायला गेलो नव्हतो, एकाची घालवायला गेलो होतो. दोन्ही कामं एकाच फेरीत झाली तर बसभाडं तेवढंच लागतं.

दसऱ्याला अण्णांनी आग्रहाने बोलावलं, आणि मी न जाण्याइतका मोठ्या मनाचा नाही. मांडव पडला होता, मुंबईचे पाहुणे आले होते. यंत्राचं काम अजून व्हायचं होतं, पण उद्घाटन कशाचं तरी होणं भाग होतं. व्हरांड्यात नवा वॉटर कूलर बसवला होता, त्याचं झालं. पाहुण्यांनी भाषण तयार करून आणलं होतं, ते त्यांनी बदललं नाही. माहितीच्या युगाचं महाद्वार आज उघडलं, असं ते कूलरला पाठ करून म्हणाले. कात्रीचं तबक साहेबांच्या हातात होतं. कोटाला घाम फुटला होता. मी पुढे होऊन एक पेला पाणी प्यालो. थंड होतं, उद्घाटनाआधी कोणीतरी तपासलं असावं.

मग सोनं वाटायला सुरुवात झाली. अण्णांनी मला पानं दिली, मी त्यांना दिली. मॅडमना दिली, शिपायांना दिली. माझ्या हातात अजून बरीच पानं होती, तेव्हा साहेब समोर आले. रात्रभरात त्यांना काहीतरी आठवलं होतं.

"तुम्ही सातपूरच्या कारखान्यात होतात का?"

"हो. वजनकाट्यावर."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तुमच्या खोलीत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग पानं पुढे केली. "आजच्या दिवशी जुनं मनात ठेवू नये," ते म्हणाले. "सोनं घ्या. सोन्यासारखं राहा."

मी घेतलं. प्रथेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगितलं आहे. त्यांचा हात परतीच्या सोन्यासाठी पुढे राहिला. मी माझी पानं शर्टाच्या खिशात ठेवली, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या ग्रंथपालांना नमस्कार केला आणि बस गाठायला निघालो. घरी लॅपटॉपची पूजा राहिली होती.